विषाची वेळ

पावसाळा तोंडावर आला की वसई-विरारमध्ये एका कागदाला एकदम महत्त्व येते. तो कागद म्हणजे पाण्याच्या नमुन्याचा अहवाल. सोसायटीच्या टाकीतले, टँकरचे, बोअरचे किंवा गावातल्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत जाते आणि काही दिवसांनी निकाल येतो : पिण्यास योग्य, किंवा पिण्यास अयोग्य. ‘योग्य’ असेल तर सेक्रेटरी तो नोटीस बोर्डावर लावतात. ‘अयोग्य’ असेल तर टाकी धुतली जाते, टीसीएल पावडर पडते, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आठवडाभर खडाजंगी होते आणि मग सगळे शांत होते. हा कागद उपयोगाचा आहे, त्याबद्दल दुमत नाही. आक्षेप आहे तो त्या कागदामागे आपण नकळत धरून चाललेल्या समजुतीला. जंतू हा जात्याच दुष्ट, तो असेल तिथे रोग आणि नसेल तिथे आरोग्य, अशी ती समजूत आहे.

गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या जंतुशास्त्राने ती जवळजवळ मोडीत काढली आहे. रोग घडवणारे जिवाणू आपले विष सतत बनवत नाहीत. ते केव्हा बनवायचे, कुठे सोडायचे आणि केव्हा थांबायचे याचा त्यांच्याकडे चोख हिशेब असतो. तापमान, क्षार, लोह, आम्लता, आजूबाजूला आपले भाऊबंद किती आहेत, अशा खुणा ते वाचतात आणि त्यानुसार जनुके चालू-बंद करतात. विष हा जंतूचा स्वभाव नाही, तो त्याचा खर्च आहे आणि वसुलीची खात्री असल्याशिवाय तो हा खर्च करत नाही. माझे म्हणणे असे की हे शास्त्र प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवण्याजोगे नाही. शहराने पाणी, गटारे आणि पूर यांच्याकडे कसे पाहावे हे त्यातून ठरायला हवे.

कॉलऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्या जंतूचे मूळ घर वसईच्या माणसाला अनोळखी नाही. खाडीचे मचूळ पाणी, भरती-ओहोटी, खारफुटी, कोळंबी आणि जवळा असलेल्या जागी व्हिब्रिओ कॉलरी जगभर आढळतो. बारीक कवचधारी प्राण्यांना चिकटून तो राहतो आणि त्यांच्या कवचातले कायटिन खातो. खाडीत सापडणाऱ्या त्याच्या बहुतेक वाणांकडे कॉलऱ्याचे विष बनवण्याचे जनुकच नसते. ज्यांच्याकडे असते, त्यांचीही ती वडिलोपार्जित मालमत्ता नव्हे. मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलानोस यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूने ते जनुक व्हिब्रिओत आणून सोडले आहे. शिवाय जनुक असणे निराळे आणि ते वापरणे निराळे. कवचावर बसून कायटिन खाणाऱ्या जंतूला माणसाच्या आतड्यातून पाणी काढणाऱ्या प्रथिनाचा काय उपयोग? ते बनवायला अमिनो आम्ले लागतात, ऊर्जा लागते आणि बनलेले प्रथिन दोन पापुद्र्यांपलीकडे ढकलायला स्वतंत्र यंत्रणा लागते. विनाकारण एवढा खर्च करणारा जंतू खर्च न करणाऱ्या भावंडापुढे मागे पडतो. लाखो पिढ्यांत अशी उधळी घराणी बुडाली आणि हिशेबी तेवढी उरली.

हा हिशेबीपणा ध्यानात न आल्यामुळे विज्ञानाची पाऊणशे वर्षे गेली. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला. हा जंतू विष सोडत असणार असा त्याचा कयास होता. पण विष काही सापडेना. रिचर्ड फायफरने १८९२ च्या सुमारास गिनिपिगांच्या उदरपोकळीत जंतू टोचले, तेव्हा मेलेल्या जंतूंनीही जनावरे दगावली. त्यावरून विष जंतूच्या अंगातच असते, तो मेल्यावर ते मोकळे होते, हा सिद्धान्त निघाला आणि रूढ झाला. कॉलरा आतड्याचा रोग असताना विष शोधले जात होते ते आतड्याच्या बाहेर. ही कोंडी फुटली १९५९ मध्ये, तीही भारतात आणि दोन ठिकाणी. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेले द्रव सोडले आणि तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतू नसतानाही परिणाम झाला, म्हणजे जंतूने बाहेर काहीतरी सोडलेले होते.

दुसरे ठिकाण आपल्या परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट. एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्ये दाखवले होते की मोठ्या सशाला सहसा न होणारा कॉलरा त्याच्या अगदी लहान पिलांना होतो. त्याच वाटेने पुढे जात दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी १९५९ मध्ये जिवंत जंतूविना केवळ त्याच्या अर्काने त्या पिलांना जुलाब होतात हे प्रसिद्ध केले. डे यांचे नाव उशिरा का होईना घेतले जाते. विरारहून चर्चगेटला जाणारी लोकल त्या इमारतीपासून फार लांबून जात नाही, पण दत्ता, पानसे, कुलकर्णी ही नावे आपल्याकडे कोणाच्या ओठांवर नाहीत.

विष इतकी वर्षे का हुलकावणी देत राहिले, याचे अर्धे उत्तर चुकलेल्या जागेत आहे आणि उरलेले अर्धे नंतरच्या संशोधनातून मिळाले. पाण्यातून किंवा शौचातून कॉलऱ्याचा जंतू शोधायचा तर तो अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात, साधारण ८.५ सामूला, ३७ अंशांना वाढवतात, कारण त्यात तो इतरांपेक्षा जोमाने वाढतो. पुढे मेकॅलानोस यांच्या आणि इतर प्रयोगशाळांत दिसले की जुन्या, ‘क्लासिकल’ प्रकारच्या वाणांत हीच स्थिती विष बंद ठेवणारी आहे. विष हवे असेल तर सामू ६.५ आणि तापमान ३० अंश लागते. म्हणजे जंतूला पकडण्यासाठी जी बैठक मांडली जाते, तीत तो आपले हत्यार खाली ठेवूनच येतो! १९६१ नंतर जगभर पसरलेल्या एल टॉर प्रकाराची तऱ्हा आणखी निराळी. प्रयोगशाळेत त्याच्याकडून पुरेसे विष मिळवायला १९८६ साल उजाडले. जपानी संशोधक इवानागा यांनी पोषकद्रव्यात बायकार्बोनेट घातले, जंतू आधी नळीत न हलवता ठेवले आणि मग घुसळले, तेव्हा कुठे एल टॉर बोलता झाला.

बायकार्बोनेटच का, हे आतड्यात जाऊन पाहिले की कळते. पोटातून खाली उतरलेल्या जंतूला लहान आतड्याच्या पोकळीत पहिल्यांदा भेटते ते पित्त. पित्तातली असंतृप्त मेदाम्ले टॉक्सटी नावाच्या नियामक प्रथिनात जाऊन बसतात आणि ते काम करेनासे होते. टॉक्सटी थंड, तर विष थंड. मग जंतू श्लेष्म्याचा थर भेदून आतड्याच्या भिंतीकडे सरकतो. तिथे पित्त कमी आणि भिंतीतल्या पेशींनी सोडलेले बायकार्बोनेट जास्त, त्यामुळे टॉक्सटी पुन्हा जोर धरते. मगच भिंतीला धरून राहायला लागणारे तंतू तयार होतात आणि विषाचे उत्पादन सुरू होते. पोकळीच्या मधोमध सोडलेले विष वाहून गेले असते. भिंतीला खेटून सोडलेले विष मात्र थेट पेशीत शिरते, तिथला एक रासायनिक निरोप अडकवून ठेवते आणि पेशी क्लोराइड व पाणी बाहेर टाकत सुटते. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते ते यामुळे.

यापुढची गोष्ट अधिक लक्षणीय आहे. जंतूंची संख्या वाढली की ते एकमेकांनी सोडलेल्या रेणूंवरून गर्दी ओळखतात. सर्वसाधारण अपेक्षा अशी की गर्दी जमल्यावर हल्ला वाढेल. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे तसेच आहे. गळवात दाटी झाली की तो विषे सोडू लागतो. कॉलऱ्याचा जंतू याच्या उलट वागतो. दाटी झाली की हॅपआर नावाचे प्रथिन वाढते, विषाचे जनुक मिटते आणि भिंतीपासून सुटका करून देणारे एक पाचक प्रथिन सोडले जाते. कारण त्याला त्या आतड्यात संसार थाटायचा नसतो. पाण्याच्या लोंढ्यातून बाहेर पडून पुढच्या माणसापर्यंत पोचायचे असते. जुलाब ही त्याची वाहतूक आहे आणि गाडी सुटल्यावर डिझेल जाळत बसण्यात त्याला रस नाही.

प्लेगचा दाखला आपल्या इतिहासाला याहून जवळचा आहे. १८९६-९७ चा प्लेग म्हटला की मराठी वाचकाला रुग्णसेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई आठवतात, रँड आठवतो, चाफेकर आठवतात. मुंबईत वाल्डेमार हाफकिनच्या टेबलावरचे चंबू मात्र आठवत नाहीत. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले, आणि त्या थेंबांना धरून प्लेगच्या जंतूंचे पांढुरके लोंबते झुबके खाली उतरलेले. हे झुबके हलवून पाडायचे, नवे येऊ द्यायचे, असे कित्येक आठवडे चालायचे. मग उष्णतेने जंतू मारून लस तयार व्हायची. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस उपयोगी ठरली, तिने असंख्य जीव वाचवले. पण ते चंबू मुंबईच्या हवेच्या तापमानाला ठेवलेले असत आणि यातच एक गोम होती.

प्लेगचा जंतू दोन घरांत राहतो. पिसवेच्या पोटात, जिथे तापमान बाहेरच्या हवेइतके असते, आणि उंदराच्या किंवा माणसाच्या अंगात, जिथे ते ३७ च्या आसपास असते. पिसवेत असताना तो तिची अन्ननलिका तुंबवणारा चिकट थर बनवतो, म्हणजे भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते. माणसात शिरल्यावर तो थर बंद होतो आणि भलतेच कारखाने चालू होतात. त्यांतला एक एफ-वन नावाच्या प्रथिनाचा. ते जंतू बाहेर सोडतो आणि स्वतःभोवती लपेटून घेतो, त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे जड जाते. हे आवरण ३७ अंशांना भरपूर बनते आणि हवेच्या तापमानाला नगण्य. लंडनच्या शुट्झे यांनी १९३२ मध्ये याकडे लक्ष वेधले. परळला साहिब सिंग सोखी १९३२ पासून हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक होते. त्यांनी ३७ अंशांना वाढवलेल्या जंतूंची लस अधिक संरक्षण देते हे प्राण्यांवरच्या प्रयोगांनी पक्के केले. जंतू तोच आणि चंबूही तोच, पण दहा अंशांनी लसीचा गुण बदलला. हवेच्या तापमानाला वाढलेला जंतू जणू पिसवेत असल्यासारखा वागत होता आणि त्याची ओळख करून घेतलेल्या शरीराला माणसात येणाऱ्या जंतूचा पेहराव पुरता ठाऊक नव्हता. जंतू कोणत्या स्थितीत आहे हा प्रश्न किती व्यावहारिक आहे, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

प्लेगच्या जंतूचे दुसरे हत्यार थोडे जवळून पाहू. या जंतूजवळ सुईसारखी एक नळी असते. पांढऱ्या पेशीला चिकटला की तिच्यातून तो ‘यॉप’ नावाची प्रथिने थेट त्या पेशीत सोडतो आणि पेशीची हालचाल व गिळण्याची ताकद लुळी पाडतो. हे सुरू करण्यासाठी आधी ३७ अंशांची खूण लागते. एलसीआरएफ या नियामकाचा आरएनए थंडीत स्वतःवर दुमडून बसतो आणि उबेत उलगडतो, तेव्हाच तो वाचला जातो. पण ऊब पुरेशी नाही, समोर शिकार आहे का हेही कळायला हवे. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातील संशोधकांनी प्लेगच्या सख्ख्या भावंडावर काम करून १९९६ मध्ये या प्रश्नाचा उलगडा केला. एलसीआरक्यू नावाचे एक प्रथिन आत राहून यॉपचे उत्पादन दाबून धरते. मात्र ते त्याच नळीतून बाहेर जाऊ शकते. गोदामाचा रखवालदार दार उघडताक्षणी स्वतःच पहिल्यांदा बाहेर निघून जावा आणि त्याच्या मागे कामगारांनी धडाधड माल काढायला लागावे, तसा हा प्रकार आहे. नळी बंद असेपर्यंत दडपण कायम असते. पेशीला स्पर्श होऊन नळी उघडली की दडपणारा निघून जातो आणि उत्पादन वाढते. म्हणजे माल बाहेर जातो आहे हीच माल बनवण्याची सूचना. त्यासाठी निराळा निरोप्या ठेवायची गरज नाही.

या व्यवस्थेची किंमतही मोजता येते. प्रयोगशाळेत ३७ अंशांना कॅल्शियम काढून घेतले की जंतू फसतो, शिकार समोर असल्यासारखा यॉप ओतू लागतो आणि त्याची वाढ खुंटते. अशा स्थितीत ज्या जंतूंनी ही जनुके वाहणारे डीएनएचे कडे टाकून दिले, तेच फोफावतात. आयते पोषण मिळाले की दुष्टपणा आपोआप गळून पडतो, तो टिकवायला कारण लागते. अशीच काटकसर घटसर्पाच्या जंतूतही दिसते. तो लोहाची टंचाई भासली तरच विष बनवतो. शरीर रक्तातले लोह घट्ट बांधून ठेवते, म्हणून टंचाई म्हणजे ‘आपण माणसात आहोत’ ही त्याच्या लेखी खूण.

इथे एक जुना आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘परिस्थितीमुळे रोग होतो’ हे वाक्य भारतात पूर्वी फार वाईट कामाला लागले आहे. म्युनिकचे माक्स पेटेनकोफर यांचे म्हणणे होते की जंतू एकटा काही करत नाही, स्थानिक जमीन आणि ऋतू यांची साथ लागते. ते पटवण्यासाठी त्यांनी १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंचा घोट घेतला आणि थोड्याशा जुलाबांवर निभावले. त्याच धाटणीचे विचार हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर जेम्स कनिंगहॅम यांना सोयीचे होते. रोग हवा-मातीतून उपजतो असे म्हटले की पाण्यातून फैलाव होतो हे नाकारता येत होते, जहाजांवर क्वारंटाइन लादायला विरोध करता येत होता आणि व्यापाराला खीळ बसत नव्हती. तेव्हा आज पुन्हा कोणी ‘जंतूपेक्षा परिस्थिती महत्त्वाची’ म्हणू लागला, तर शंका घेणे रास्तच आहे.

पण दोन्ही म्हणण्यांत फरक आहे. कनिंगहॅम यांची परिस्थिती धूसर होती. मोजता न येणारी, म्हणून कोणाच्याच माथी न येणारी. आजच्या जंतुशास्त्राची परिस्थिती अंशांत, सामूत, क्षारांच्या प्रमाणात आणि तासांत मोजता येते. पहिल्या कल्पनेने सरकारची जबाबदारी विरघळली. दुसरीने ती नेमकी करता येते. आणि जंतूला सूट देण्याचा तर प्रश्नच नाही. जंतूशिवाय कॉलरा नाही, हे कॉखचे म्हणणे आजही तसूभर ढळलेले नाही. भर पडली आहे ती इतकीच की तो जंतू कुठून, किती वेळात आणि कोणत्या अवस्थेत आला, यावर धोका ठरतो.

ही वेळेची गोष्ट शहराच्या कामाची आहे. २००२ मध्ये अँड्रू कॅमिली, स्कॉट मेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या रुग्णांच्या शौचातून नुकतेच बाहेर पडलेले जंतू तपासले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच जातीच्या जंतूंपेक्षा हे ताजे जंतू उंदराच्या पिलांना कितीतरी अधिक सहजतेने जडत होते. तळ्याच्या पाण्यात सोडल्यावरही ही चढलेली ताकद किमान पाच तास टिकली. पुढे पाण्यात राहून राहून ती ओसरते. याचा सरळ अर्थ असा की एका माणसाच्या पोटातून दुसऱ्याच्या तोंडापर्यंतची वाट जितकी आखूड, तितका तोच जंतू अधिक घातक. खाडीत वर्षानुवर्षे राहिलेल्या जंतूपेक्षा सकाळी नाल्यात उतरलेला आणि दुपारी नळातून आलेला जंतू भयंकर असतो.

आता आपली शहरे बघा. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती आणि त्यानंतर वसाहती उभ्या राहतच आहेत. धामणी धरणावरून सूर्या नदीचे पाणी येते, पेल्हार आणि उसगावचे येते, पण घरात ते चोवीस तास येत नाही. दाबाने पाणी वाहत असताना पाइपच्या चिरेतून ते बाहेर गळते. पाणी बंद झाले आणि दाब उतरला की त्याच चिरेतून बाहेरचे आत ओढले जाते. पाइप नाल्याच्या कडेने गेलेला असेल तर बाहेरचे म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यात पाणी यायच्या वेळेला जो तो लाइनला थेट मोटर लावतो. मोटर पाणी खेचते आणि पाणी नसेल तर मिळेल ते खेचते. ही पोटापासून तोंडापर्यंतची सगळ्यात आखूड वाट आहे आणि ती आपण आपल्या हातांनी बांधली आहे. खाडीतल्या जंतूला दोष देत टाकीत पावडर टाकणे म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

म्हणून उपायही वाटेनुसार बदलतात. बांगलादेशात रिटा कॉलवेल यांच्या गटाने जुनी साडी चार पदरी करून तिच्यातून तळ्याचे पाणी गाळायला लावले, तेव्हा कॉलरा ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे जंतू कवचधारी प्राण्यांना चिकटून येत होता आणि साडीच्या पदरात ते प्राणी अडकत होते. आपल्याकडे नळाला फडके बांधायची रीत जुनी आहे आणि गाळ अडवायला ती चांगलीच. पण नुकत्याच पाइपात शिरलेल्या जंतूला कवचाचा आधार लागतोच असे नाही, त्याला फडके पुरे पडणार नाही. तिथे लागतो तो पाइपातला सततचा दाब आणि शेवटच्या नळापर्यंत टिकणारे क्लोरीन. भारतीय मानक त्यासाठी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम सांगते. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग येतो का हे पाहायचे, हे गावागावातल्या पाणी सोडणाऱ्याला ठाऊक आहे. ती चाचणी टाकीपाशी केली जाते, ती लाइनच्या टोकाच्या घरात रोज झाली पाहिजे, कारण जंतूची आखूड वाट तिथेच उघडते.

पुराचेही तसेच. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-विरारचे रेल्वेरूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागर वस्तीतली माणसे अडकून पडली. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरा येतो. उंदरांच्या, गुराढोरांच्या मूत्रातून तो पाण्यात उतरतो आणि पायाच्या चिरेतून माणसात शिरतो. साचलेल्या गोड्या पाण्यात क्षार कमी असतात. रक्तात शिरताच क्षारांचे प्रमाण चढते आणि हीच त्याची खूण. जेम्स मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की शरीरातल्याइतके क्षार भेटताच लिग नावाची प्रथिने वाढतात आणि त्यांतले एक तो बाहेरही सोडतो. ती शरीराच्या ऊतींना धरून ठेवण्याच्या कामी येतात. रस्त्यावरच्या डबक्यात तो तसा निद्रिस्त असतो, जखमेतून आत येऊन मगच तयारीला लागतो. डॉक्टर पुरातून चालून आलेल्याला पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगतात, ते जंतूची तयारी पुरी व्हायच्या आत त्याला गाठण्यासाठी. ताप चढेपर्यंत वाट पाहणारा रोगी ही संधी घालवतो. आणि शहराने पाणी साचू दिले नाही, तर गोळीची वेळच येत नाही. वसईच्या पट्ट्यातली बावखले, म्हणजे छोटी तळी, आणि मिठागरे पावसाचे पाणी पोटात घेत असत. त्यांच्यावर भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींत ते पाणी आता तळमजल्यावरच्या घरांच्या उंबऱ्यात येते. बावखल बुजवणे हा निव्वळ निसर्गप्रेमाचा विषय नाही, लेप्टोस्पायराला मिळणाऱ्या संधीचाही तो विषय आहे.

औषधांकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो. जंतू मारणे एवढेच उद्दिष्ट ठेवले तर कधी कधी उलटे घडते. ई-कोलायच्या ओ-१५७ सारख्या वाणांत विषाचे जनुक एका विषाणूत दडलेले असते आणि काही प्रतिजैविके त्या विषाणूला जागे करून विष वाढवतात, म्हणून डॉक्टर ती जपून वापरतात. उलट स्ट्रेप्टोकॉकसच्या मांस कुजवणाऱ्या संसर्गात पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतात, कारण ते जंतूचे प्रथिन बनवणेच रोखते आणि विषाचा ओघ आटतो. याच धाग्यावर २००५ मध्ये व्हर्स्टॅटिन नावाचे द्रव्य पुढे आले. ते कॉलऱ्याचा जंतू मारत नाही, टॉक्सटीला निकामी करून त्याचे विष थांबवते. ते अजून औषधाच्या दुकानात आलेले नाही. अशा औषधांनी प्रतिकारशक्ती कमावलेल्या जंतूंची डोकेदुखी कमी होईल अशी आशा आहे, कारण निःशस्त्र पण जिवंत राहिलेल्या जंतूवर बदलण्याचा दबाव कमी पडतो. पण औषध आजारी माणसाला गाठेपर्यंत विष बहुधा सोडून झालेले असते. जंतूने खर्च करून टाकल्यावर त्याच्या तिजोरीला कुलूप लावण्यात किती अर्थ, हा प्रश्न उरतो. म्हणूनच कॉलऱ्यात अजूनही जीव वाचवते ती अंगातून गेलेले पाणी भरून काढणारी मीठ-साखरेची जलसंजीवनी.

मग आपण मागायचे काय? पाण्याच्या नमुन्याचा कागद हवाच, पण त्यावर एका शब्दाचा निकाल पुरेसा मानू नये. नमुना टाकीतून घेतला की शेवटच्या नळातून? पाणी येऊन किती वेळ झाल्यावर घेतला? पहिल्या धारेचा होता की नंतरच्या? त्या आधी पाइप किती तास कोरडा होता? लाइनच्या टोकाला क्लोरीन किती उरले? हे प्रश्न प्रभागातल्या नगरसेवकाला आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला विचारता येण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे आकड्यांत देता येतात आणि म्हणूनच ती टाळणेही कठीण आहे.

जंतूंकडून घ्यायचा तर एवढा एकच गुण घ्यावा. ते आपली ताकद सरसकट उधळत नाहीत. कुठे, केव्हा आणि किती, हे पाहून लावतात. आपली महापालिका आणि आपण नागरिक मात्र पावसाळ्यात सगळीकडे सारखी पावडर शिंपडतो आणि बाराही महिने पाइप नाल्याशेजारून जाऊ देतो. जंतूला परिस्थिती वाचता येते आणि ती परिस्थिती मोठ्या अंशाने आपण घडवतो. पाइप कुठून जाईल, पाणी किती तास येईल, बावखल राहील की बुजेल, हे ठरवताना साथीचाही निकाल आपण लावत असतो. हे एकदा मान्य केले की साथ आल्यावर ‘जंतूमुळे झाले’ या उत्तरावर कोणालाच सुटता येणार नाही, मग तो पालिकेतला असो की सोसायटीतला.